तिजोरी आणि गरिबी (लेखांक ५) : माणसे वाढली, पैसा कुठून यावा?

राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीत शहरी गरिबी निर्मूलन हा विषय आहे, हे मागच्या लेखांकात पाहिले. काम शहरांकडे आले, पैशाच्या चाव्या मात्र बव्हंशी राज्याकडेच राहिल्या. वसई-विरारमध्ये हे फार उघडपणे दिसते.

चार नगरपरिषदा आणि आसपासच्या ग्रामपंचायती मिळून ३ जुलै २००९ रोजी ही महापालिका झाली. २०११च्या जनगणनेत लोकसंख्या बारा लाखांवर गेली होती. मुंबईत ज्याला खोली परवडत नाही, तो विरार लोकल धरून इथे येतो. तो आला म्हणून तिजोरीत काही पडते का? पूर्वी शहरात माल येई, त्यावर एलबीटी म्हणजे स्थानिक संस्था कर मिळे. माणसे वाढली की खपही वाढे. जीएसटीनंतर त्याजागी राज्याकडून भरपाई येते. पाया २०१६-१७चा, वाढ वर्षाला आठ टक्के. पैसा खात्रीचा आहे, हे मान्य. पण नालासोपाऱ्यात किती नव्या चाळी उठल्या, हे ते सूत्र विचारत नाही.

मग उरते घरपट्टी. पण गरिबाला परवडणारे घर इथे बऱ्याचदा अनधिकृत असते. अशा बांधकामावर कायद्याने घरपट्टीशिवाय शास्ती, म्हणजे दंडही लागू शकतो. बिल्डर खोल्या विकून मोकळा होतो आणि बिल येते राहणाऱ्याच्या दारात. तो ते भरतोही, पावती जपून ठेवतो. त्या पावतीने घर अधिकृत मात्र होत नाही. नालासोपारा पूर्वेला सांडपाणी प्रकल्प आणि कचराभूमीसाठी राखीव जागेवर ४१ इमारती उभ्या राहिल्या. न्यायालयाच्या आदेशानंतर त्या पाडल्या गेल्या. हजारो लोकांची आयुष्याची जमापुंजी गेली आणि तो प्रकल्पही वर्षानुवर्षे रखडला.

खर्चाच्या बाजूला महिला व बालकल्याणासाठी अंदाजपत्रकात पाच टक्के तरतूद असते. त्यातून प्रशिक्षण वर्ग चालतात, त्यांचे फोटो छापून येतात. माझ्या मते गरिबीचा खरा हिशेब पाणीपुरवठ्याच्या पानावर आहे. नळ नसलेली चाळ वर्गणी काढून टँकर मागवते, म्हणजे ज्याची कमाई कमी त्याचे पाणी महाग. शिवाय टँकरची वाट पाहण्यात बाईचा रोज बुडतो, तो कुठल्याच अंदाजपत्रकात दिसत नाही.

सूर्या प्रकल्पातून वसई-विरारसाठी रोज साडेअठरा कोटी लिटर पाणी मंजूर आहे आणि २०२३च्या अखेरीपासून ते येऊ लागले. शहराला मिळालेला हा सर्वांत मोठा दिलासा एमएमआरडीएच्या, म्हणजे मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या पैशातून आला. जलकुंभापासून गल्लीपर्यंतची वाहिनी मात्र महापालिकेने टाकायची, आणि ती कुठल्या गल्लीत आधी जाणार हे २०२०नंतर पाच वर्षांहून अधिक काळ प्रशासकानेच ठरवले. तक्रार न्यायची तर वॉर्डात नगरसेवकच नव्हता.

पुढील लेखांकात : महापालिका नको म्हणणारी २९ गावे आणि त्यांच्या घरपट्टीचे गणित.