बदली नव्हे, अखेरचा पिचर

बेसबॉलमधला ‘रिलीव्हर’ (सुरुवातीच्या पिचरनंतर येणारा) म्हणजे दुय्यम, बदली खेळाडू, असा समज सर्रास आढळतो. एके काळी तो बराचसा खराही होता. पण नऊ इनिंगच्या सामन्यात थोडकी आघाडी हाती असेल, तर शेवटच्या इनिंगसाठी संघ मुद्दाम एक पिचर राखून ठेवतो, तो ‘क्लोजर’. क्रिकेटमध्ये अखेरची षटके बुमराहसाठी ठेवतात, तसेच. त्याला कुणी बदली गोलंदाज म्हणत नाही.

पनामाचा मारियानो रिवेरा पाहा. १९९२ मध्ये दोन नव्या संघांसाठी खेळाडू निवडले गेले, तेव्हा न्यूयॉर्क यांकीजने त्याला राखले नव्हते. तरी त्याला कुणी उचलले नाही. १९९५ मध्ये सुरुवातीचा पिचर म्हणून तो चाचपडला. १९९६ मध्ये क्लोजरच्या आधीच्या इनिंग मिळाल्या आणि पुढच्या वर्षी क्लोजरचीच जागा. अस्त्र मुख्यतः एकच, कटर (ऐनवेळी आडवा सरकणारा वेगवान चेंडू). त्यावर डावखुऱ्यांच्या बॅटी मुठीजवळ मोडत. नियमित मोसमांत त्याच्या नावावर ६५२ ‘सेव्ह’ (आघाडी टिकवून संपवलेले सामने) आहेत, आणि हा विक्रम अजून अबाधित आहे. २०१९ मध्ये हॉल ऑफ फेमसाठी एकमताने निवडला गेलेला तो पहिलाच खेळाडू.