परक्या पैशाची मसलत

आमच्या बुलढाणा जिल्ह्यांत कापूस वेचून घरीं आला म्हणजे घरोघरीं एकच वाद उभा राहतो: आज विकावा, कीं भाव चढेपर्यंत थांबावें? वडीलधाऱ्यांनीं प्रथम तोंड उघडलें कीं धाकट्यांचें मत ओठांतच राहतें. मग खोलीभर कापूस साठतो, मुलांच्या अंगास खाज सुटते, आणि खामगांवच्या बाजारांत भाव व्हावयाचा तोच होतो. पण तो तोटा निदान घरचा घरांत राहतो. ज्या कंपन्या लाखों कुटुंबांचा पैसा एकत्र करून शेअरांत व रोख्यांत गुंतवितात, त्या म्युच्युअल फंडांच्या कचेऱ्यांत ही मसलत कशी चालते, हें आतां आमच्या मेहकर-चिखलीच्या गृहस्थांसही विचारावें लागतें. पतसंस्थेंत ठेव ठेवली तर ठरलेलें व्याज देणें हें संस्थेचें काम. फंडांत नफा आपला तसा तोटाही आपलाच. फंडवाल्यांचें वेतन मात्र दोन्ही प्रसंगीं चालूच असतें.

या कचेऱ्या बहुतेक मुंबईंत आहेत. तेथें निर्णय सहसा एकट्याच्या मर्जीचा नसतो, आणि हात वर करून बहुमतानेंही तो होत नाहीं. प्रथम अभ्यासकांची मंडळी. त्यांस ॲनालिस्ट म्हणतात. एकाकडे औषधांचे कारखाने, दुसऱ्याकडे बँका, तिसऱ्याकडे सिमेंट व पोलाद अशी वांटणी असते. अभ्यासक वर्षानुवर्षांचे ताळेबंद चाळतो, कारखाना पाहून येतो, त्या कंपनीचा माल विकणाऱ्यांशीं व तिच्या प्रतिस्पर्ध्यांशीं बोलतो आणि टिपण लिहितो. तें बैठकींत मांडलें कीं सहकारी त्यावर तुटून पडतात. धंदा चांगला असेल, पण आजच्या भावास घेण्याजोगा आहे काय? कर्ज किती? चालकांनीं मागें भागधारकांस फसविलें आहे काय? शेवटीं घ्यावें कीं न घ्यावें, आणि घ्यावें तर किती, हें योजनेचा प्रमुख, म्हणजे फंड मॅनेजर, ठरवितो. प्रत्यक्ष खरेदी डीलर नांवाचा तिसराच मनुष्य करतो. आणि मर्यादा ओलांडल्या नाहींत ना, हें पाहणारा चौथा. यांतला ‘किती’ हा प्रश्न आमच्या मतें सर्वांत नाजूक आहे. एकेक शेअर निवडून चांगला घेतला तरी सगळे बँकांचेच असले, तर एकाच वाऱ्यानें सारे आडवे होतात. सोयाबीनच्या रांगांत तुरीचें तास टाकणाऱ्या शेतकऱ्यास हें निराळें सांगावयास नको. या साऱ्या जुळणीस पोर्टफोलिओ हें भारदस्त नांव आहे, इतकेंच.

कौटिल्यानें अर्थशास्त्रांत मसलतीचा फार सूक्ष्म विचार केला आहे. एकच मंत्री असला तर अवघड प्रसंगीं निश्चय होत नाहीं आणि तो बेलगाम वागतो. दोघे असले तर एक होऊन राजास गुंडाळतात, किंवा भांडून कार्य नासतात. म्हणून तिघां-चौघांशीं विचार करावा. पण आम्हांस याहून मोलाची वाटते ती त्याची दुसरी सूचना. मंत्र्यांस एकेकट्यानें विचारावें, सर्वांस मिळूनही विचारावें, आणि प्रत्येकाच्या मतामागचें कारण जाणून घ्यावें. एकेकट्यानें कां? सभेंत पहिला बोलणारा पुढच्यांचीं मतें आपल्याकडे ओढतो म्हणून. ज्या फंडांत ही जाण आहे तेथें बैठकीपूर्वींच प्रत्येकाचें मत लेखी घेतात, कनिष्ठास आधीं बोलूं देतात, आणि क्वचित् एखाद्यास मुद्दाम विरुद्ध बाजू लढविण्यास नेमतात. शास्त्रग्रंथांतला पूर्वपक्ष तो हाच.

ही शिस्त सुटल्याची शंका जरी आली तरी काय होतें, याचें उदाहरण आपल्याच प्रांतांत घडलें. युनिट ट्रस्ट ऑफ इंडिया ही सरकारी पाठबळाची संस्था मुंबईंत १९६४ सालीं सुरू झाली, आणि तिची ‘युनिट ६४’ ही योजना मध्यमवर्गाच्या घरांत पोस्टाच्या पुस्तकाइतकी विश्वासाची झाली. शिक्षकांची, कारकुनांची, विधवा भगिनींची पुंजी तींत होती. लोकांची समजूत अशी कीं, ही ठेवच. प्रत्यक्षांत १९९८ पर्यंत तिचा अर्ध्याहून अधिक पैसा शेअरांत गेला होता, आणि युनिटचा भाव बाजारावर न ठरतां ट्रस्ट जाहीर करील तो असे. त्याच वर्षीं राखीव निधि उणा झाल्याचें उघडकीस आलें. दीपक पारेख यांच्या अध्यक्षतेखालीं समिति बसली, सुधारणा सुचविल्या गेल्या. तरी २००१ च्या जुलैच्या आरंभीं युनिटची परतखरेदी सहा महिन्यांकरितां थांबविण्यांत आली. सुमारें दोन कोटी युनिटधारक अडकून पडले. त्याच महिन्यांत संस्थेचे अध्यक्ष राजीनामा देऊन गेले व पुढें त्यांस अटकही झाली. संस्थेच्या स्वतःच्या संशोधन-कक्षाचा अभिप्राय प्रतिकूल असतां एका संगणक-कंपनीचे शेअर घेतले, असा तपासयंत्रणेचा आरोप होता. आरोपाचें तथ्यातथ्य पाहणें न्यायालयाचें काम. पण अभ्यासकाचा नकार बाजूस सारावयाचा असेल तर वरिष्ठानें त्याचें कारण कोणास द्यावें, हा प्रश्न त्या निमित्तानें सर्वांपुढें आला. लहान युनिटधारकांस मागाहून ठराविक भावाची हमी मिळाली, आणि २००३ सालीं संस्थेचे दोन भाग झाले.

सेबीनें २००० सालींच फंडांस बजावलें होतें कीं, प्रत्येक गुंतवणुकीच्या निर्णयामागची माहिती व मतें लिहून ठेवावीं. २०२१ सालीं आणखी एक बंधन आलें: फंडाच्या प्रमुख नोकरांच्या वेतनाचा पांचवा हिस्सा त्याच फंडाच्या योजनांत घालावा. स्वयंपाक्यानेंही त्याच पंक्तीस जेवावें, असा हा न्याय आम्हांस आवडला. २०२५ मध्यें तो वेतनमानाप्रमाणें कांहींसा सैल करण्यांत आला.

घेण्यापेक्षां विकण्याची मसलत अधिक बिकट. ज्यानें शेअर सुचविला त्यास तो पडला तरी टाकवत नाहीं. आपली चूक मान्य करावी लागते ना! घरांत पडून राहिलेल्या कापसाचें मूळही पुष्कळदां हेंच असतें. यावर उपाय म्हणून कांहीं ठिकाणीं जुन्या शेअरची फेरतपासणी दुसऱ्याच अभ्यासकाकडे देतात, आणि ‘हा आज आपल्याजवळ नसता तर आजच्या भावानें घेतला असता काय?’ असें विचारतात.

बैठकींत काय बोलणें झालें हें आपणांस कोणी दाखविणार नाहीं. पण आपल्या पैशाचे कोणते शेअर घेतले त्याची यादी फंडांस दरमहा प्रसिद्ध करावी लागते. दोन-तीन वर्षांच्या याद्या शेजारीं ठेवून पाहाव्या. दर महिन्यास निम्मी यादी बदलत असेल तर तेथें अभ्यास कमी व धांदल फार, असें खुशाल समजावें. फंड मॅनेजर बदलला तर तशी सूचनाही द्यावी लागते. ती ज्या बारीक टाइपांत छापतात त्याकरितां मात्र घरांतल्या एखाद्या तरुण डोळ्यांची मदत घ्यावी.