द्राक्षं न घेणाऱ्या बायका

आज आम्ही सांगणार आहोत अमेरिकेतल्या डोलोरेस वेर्ता यांच्याबद्दल. जन्म १९३० चा, घराणं मूळचं मेक्सिकोकडचं. वाढल्या कॅलिफोर्नियातल्या स्टॉकटन शहरात. तिथे त्यांची आई खोल्या भाड्यानं देई. मजुराकडे पैसे नसले, तर पुष्कळदा भाडं सोडून देई.

डोलोरेसबाई शिक्षिका झाल्या. वर्गात शेतमजुरांची मुलं उपाशीपोटी, अनवाणी यायची. उपाशी पोराला पाढे शिकवण्यापेक्षा त्याच्या आईबापांना एकत्र आणू, असं ठरवून त्यांनी नोकरी सोडली. १९६२ मध्ये सेझार चावेझ यांच्यासोबत शेतमजुरांची संघटना उभी केली. घरात लहान मुलं होतीच. पुढे त्या एकूण अकरा मुलांच्या आई झाल्या. नातेवाईक काय म्हणाले असतील, ते तुम्हाला वेगळं सांगायला नको!

आता अडचण बघा. कारखान्यातल्या कामगारांना संघटनेचा हक्क देणारा कायदा अमेरिकेत १९३५ सालीच झाला होता. शेतमजुरांना मात्र त्यातून वगळलं होतं. त्यामुळे मालकानं बोलणी करायला नकार दिला, तर विचारणार कोण? सप्टेंबर १९६५ मध्ये डेलानो भागातल्या द्राक्षबागांत फिलिपिनो मजुरांनी काम थांबवलं. आठवड्याभरानं डोलोरेसबाईंची संघटनाही संपात उतरली. मालकांनी बाहेरून दुसरे मजूर आणले आणि तोडणी चालू ठेवली.

तेव्हा संघटनेनं वेगळा विचार केला. द्राक्षं तोडणारा दुसरा मिळेल, पण विकत घेणारं कुणी नसेल तर? मजूर लांबलांबच्या शहरांत गेले, दुकानांसमोर उभे राहिले. डोलोरेसबाई न्यूयॉर्कला गेल्या. बाजाराची पिशवी बहुतेक घरांत बाईच्याच हातात. तिच्याकडे वर्गणी मागितली नाही. एवढंच सांगितलं, की ही द्राक्षं घेऊ नका. लाखो घरांनी ऐकलं. पाच वर्षं लागली. १९७० मध्ये बागमालक करारावर सही करायला आले. मजुरी तर वाढलीच, शिवाय औषधफवारणीपासून मजुरांचा बचाव आणि दवाखान्यासाठी निधी, हेही करारात आलं. आम्हाला यात मजुरीइतकंच फवारणीचं कलम मोलाचं वाटतं. फवारलेल्या बागेत दिवसभर राबलेल्या बाईला ते समजावून सांगावं लागत नाही.

करारांच्या बोलणीला मालकांसमोर बसायच्या त्या डोलोरेसबाईच. वकिलीचं शिक्षण नव्हतं. तरी १९६६ सालचा संघटनेचा पहिला करार त्यांनीच घडवून आणला होता. १९७५ मध्ये कॅलिफोर्नियात शेतमजुरांच्या संघटनेला कायद्याचा आधार मिळाला.

१९८८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत एका निदर्शनात पोलिसांच्या मारानं त्यांच्या बरगड्या मोडल्या, प्लीहा काढावी लागली. बऱ्या झाल्यावर बायकांनी निवडणुकीला उभं राहावं म्हणून त्या ठिकठिकाणी फिरल्या.

बायकांना टोमणे खुद्द संघटनेतही बसत. त्यावर डोलोरेसबाईंनी काय केलं, ते त्यांनीच सांगितलं आहे. बैठकीत पुरुष बायकांबद्दल जे जे बोलत, ते त्या कागदावर मोजत बसत आणि बैठक संपताना आकडा वाचून दाखवत.