कॉम्प्रेसरला दहा वर्षं, जाळीला एकच

आषाढात उरणच्या स्वयंपाकघरात मिठाच्या बरणीला पाणी सुटतं. आर्द्रता पंचाहत्तर टक्क्यांवर गेली की सोडियम क्लोराईड हवेतला ओलावा ओढून विरघळू लागतं. समुद्राच्या मिठात थोडं मॅग्नेशियम क्लोराईडही असतं, त्याला तर निम्म्याहून कमी आर्द्रता पुरते. उरणच्याच मोरा-करंजाच्या किनाऱ्यावर लाटा फुटल्या की याच मिठाचे अदृश्य कण वाऱ्याबरोबर वर येतात आणि एसीच्या आउटडोअर युनिटवर बसतात.

तिथे एक नवलाची गोष्ट घडते. तांब्याच्या नळ्यांवर अ‍ॅल्युमिनियमच्या पातळ पात्या घट्ट बसवलेल्या असतात; हीच कंडेन्सरची जाळी. दोन धातू आणि मधे खारट ओल, म्हणजे झाली बॅटरी तयार! या बॅटरीत विरघळतं ते अ‍ॅल्युमिनियम. पात्यांवर पांढरी भुकटी दिसू लागते, खोलीतली उष्णता बाहेर टाकायचं काम मंदावतं आणि विजेचं बिल चढतं.

आता वॉरंटी कार्ड उघडा. अनेक कंपन्या कॉम्प्रेसरला दहा वर्षं देतात आणि बाकीच्या यंत्राला एकच. जुन्या पद्धतीच्या एसीचा कॉम्प्रेसर मिनिटाला सुमारे २,९०० फेरे घेतो, म्हणजे आठ तासांत जवळजवळ १४ लाख. एवढं राबूनही तो टिकतो, कारण मोटर, तेल, सगळं पोलादी डब्यात वेल्ड करून बंद केलेलं असतं. खारी हवा आत शिरूच शकत नाही. दहा वर्षांचं औदार्य त्या बंद डब्यापुरतं; उघड्या जाळीच्या वाट्याला एक वर्ष. हिशेब पक्का आहे, त्यात रागवण्यासारखं काही नाही!

कारखान्यातला दोष बहुधा पहिल्या काही महिन्यांतच उघड होतो आणि तो मूळ वॉरंटीत बसतो. पुढची काही वर्षं यंत्र शांत असतं, आणि दुकानदार विकतो ती एक्स्टेंडेड वॉरंटी नेमकी त्याच वर्षांची. उरणमध्ये मात्र ही शांतता लवकर मोडते. म्हणून इथे जादा वॉरंटी घ्यावी असं पटकन वाटतं, पण बारीक अक्षरांत बऱ्याचदा गंज, व्होल्टेजचे चढउतार, उंदीर-पालींनी केलेलं नुकसान वगळलेलं असतं. (पीसीबीवर, म्हणजे एसीच्या सर्किट बोर्डवर, चढून शॉर्ट सर्किट करणारी पाल कोकणात काही दुर्मीळ नाही.)

माझ्या मते, कंडेन्सर, गॅसगळती आणि पीसीबी धरले असतील तरच किनाऱ्यावरच्या घराने एसीच्या जादा वॉरंटीसाठी पैसे मोजावेत. वॉरंटी मूळ कंपनीची आहे की तिसऱ्याच कुणाची, हेही कार्डावर पाहावं. मिक्सर-पंख्यासाठी तर विचारही नको. एसी घेतानाच लेप दिलेल्या पात्यांचा घ्यावा, आणि पावसाळा संपला की वीज बंद करून बाहेरची जाळी गोड्या पाण्याने, हलक्या धारेने धुवावी. पाण्याचा जोर जास्त झाला तर पात्या वाकतात.