आजीच्या ट्रंकेचं कुलूप
आजी गेली, तेव्हा इंदूरच्या घरात तिच्या ट्रंकेची किल्ली काही सापडेना. काका छिन्नी-हातोडा घेऊन आले. मी म्हटलं, “काका, थोडं थांबा.” तुटक्या हॅक्सॉ ब्लेडला ग्राइंडरवर आकडीचा आकार दिला. पातं तापून निळं पडलं की पोलाद मऊ होतं, म्हणून सारखं पाण्यात बुडवलं. खरा वेळ गेला तो पॉलिश पेपरने घासण्यात: आधी १२० नंबर, मग ४००, शेवटी १०००. कड खरखरीत राहिली, तर कुलपातली कुठली पिन बसली हे बोटांना कळत नाही. तिसऱ्या संध्याकाळी कुलूप उघडलं, तेही शाबूत. आत नऊवारी, आजोबांची पत्रं आणि बटव्यात त्याच कुलपाची दुसरी किल्ली! हा नाद तुम्हीही लावून घ्या. कुलूप मात्र आपल्याच घरचं हवं.