दृष्टिभ्रम

समोर असलेल्या वस्तूचे आकारमान, दिशा, अंतर किंवा रंगच्छटा यांचे वास्तवाशी विसंगत संवेदन होणे, म्हणजे दृष्टिभ्रम होय. निर्वस्तुभ्रमात समोर वस्तूच नसते, तर मृगजळात हवेच्या थरांतून येताना प्रकाशकिरणच वळलेले असतात. दृष्टिभ्रमात मात्र डोळ्यात उमटणारी प्रतिमा यथायोग्य असूनही तिचा अर्थ लावताना चूक होते.

भौमितिक दृष्टिभ्रमांपैकी एक प्रसिद्ध भ्रम फ्रान्ट्स म्यूलर-लायर या जर्मन शास्त्रज्ञांनी १८८९ मध्ये मांडला. समान लांबीच्या दोन रेषांपैकी जिच्या दोन्ही टोकांना बाणाचे अग्र काढलेले असते, ती आखूड भासते. जिच्या टोकांच्या तिरप्या रेघा बाहेर फाकलेल्या असतात, ती लांब भासते. मोजपट्टी लावून खात्री केल्यानंतरही हा भास टिकून राहतो. सरावाने मात्र तो कमी होतो. चार्ल्स जड या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांच्या प्रयोगांत (१९०२) रेषा समान करण्याची कृती वारंवार केली असता चूक क्रमशः घटत गेली. तथापि असे कौशल्य बहुधा सराव केलेल्या आकृतीपुरतेच राहते.

या भ्रमाचे मूळ अनुभवात आहे काय, हा प्रश्न वादग्रस्त आहे. डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स यांना निलगिरीतील तोडा लोकांत तो इंग्रजांपेक्षा कमी आढळला (१९०५). सेगॉल, कॅम्पबेल व हर्स्कोव्हिट्‌स यांनी १९६६ मध्ये अशा फरकांचा संबंध काटकोनी घरांतील वास्तव्याशी जोडला. याउलट पवन सिन्हा व त्यांचे सहकारी यांनी भारतातील ८ ते १६ वर्षे वयाच्या नऊ जन्मांध मुलांची मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर तपासणी केली, तेव्हा दृष्टी येताच त्यांनाही हा भ्रम झाल्याचे दिसून आले (२०१५). त्यामुळे केवळ अनुभवाच्या आधारे त्याची उपपत्ती लावणे कठीण ठरते.

व्यवहारात या प्रश्नाला महत्त्व आहे. नेहमीपेक्षा अरुंद धावपट्टीवर उतरताना वैमानिकाला विमान प्रत्यक्षाहून अधिक उंचीवर असल्याचे भासते व ते प्रमाणाबाहेर खाली आणले जाण्याचा धोका संभवतो. म्हणून वैमानिकांच्या प्रशिक्षणात, भ्रम कोणत्या परिस्थितीत उद्‌भवतो हे ओळखून अशा वेळी उपकरणांवर विसंबण्याची सवय लावली जाते. भास नाहीसा करणे नव्हे, तर त्याची शंका वेळीच येणे, हेच दृष्टीच्या प्रशिक्षणाचे साध्य होय.