संगणक आपोआप बंद का पडतो?

हिशेबात फरक आला की वाणिज्य शाखेचा विद्यार्थी आधी कीर्द उघडतो आणि तर्क मागाहून लढवतो. संगणक मध्येच बंद पडू लागला तर हाच नियम पाळावा, असे मला वाटते. एरवी नवे भाग घालण्यात पैसे जातात आणि दोष जागच्या जागी राहतो.

विंडोज प्रणालीही आपली कीर्द ठेवते. तिचे नाव ‘इव्हेंट व्ह्यूअर’. तीत ‘सिस्टीम’च्या नोंदी पाहाव्यात. १०७४ क्रमांकाची नोंद असेल तर यंत्र कोणाच्या तरी आज्ञेने रीतसर बंद झाले. ती आज्ञा माणसाची की एखाद्या प्रोग्रॅमची, हेही तेथे कळते. ४१ क्रमांकाची नोंद मात्र यंत्र रीतसर बंद झाले नव्हते एवढेच सांगते. ती यंत्र पुन्हा सुरू झाल्यावर लिहिली जाते, म्हणून कारण आपणच शोधावे लागते.

शहापुरातील माझ्या काकांच्या साड्यांच्या दुकानात मार्चअखेरीस संगणक असाच बंद पडे आणि अर्धी लिहिलेली बिले नाहीशी होत. दुरुस्ती करणाऱ्याने नवा पॉवर सप्लाय सुचवला होता. नोंदी सगळ्या ४१ च्या होत्या आणि त्या वेळा वीज जाण्याच्या वेळांशी जुळत होत्या. आम्ही संगणक बंद करून यूपीएसवर नुसता टेबललॅम्प लावला व भिंतीवरचे बटण बंद केले. दिवा तत्काळ विझला. यूपीएसची बॅटरीच संपली होती. ती बदलल्यावर त्रास थांबला.

वीज असताना आणि जड काम चालू असतानाच यंत्र बंद पडत असेल, तर उष्णतेचा संशय घ्यावा. प्रोसेसर फार तापला, बहुतेकांत सुमारे १०० अंश सेल्सिअसला, की प्रथम आपला वेग कमी करतो. तरीही तापमान वाढले तर बचावासाठी यंत्र बंद होते. अशा वेळी पंख्यातील धूळ काढावी. लॅपटॉप चार्जर लावल्यावर नीट चालतो आणि काढताच बंद पडतो, तर दोष बॅटरीत समजावा. एवढे तपासूनही उलगडा झाला नाही, तर पॉवर सप्लाय बदलून पाहावा.

बटण चार सेकंदांहून अधिक दाबून धरले की यंत्र सक्तीने बंद होते. पण चालू लिखाण अर्धवट राहून फाइल बिघडू शकते. म्हणून तो शेवटचा उपाय. आणि काम करताना दर थोड्या वेळाने ते जतन करावे, ही सवय कोणत्याही दुरुस्तीहून स्वस्त आहे.